अनुभव धागा : ११ जुलैनंतर आपण एकमेकांशी कसे वागलो?

बोरिवलीची लेक
लेकीने काल नोकरीसाठी पहिला बोरिवली–चर्चगेट पास काढला आणि मला २००६ची ती संध्याकाळ आठवली. सहा चोवीसपासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माहीमला झाला त्याच गाडीत बाबा होते, सेकंड क्लासमध्ये. रात्री उशिरा चालत घरी आले. शर्टावर रक्त, त्यांचं नव्हे. जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "वस्तीतल्या बायकांनी घरातल्या चादरी आणून दिल्या, त्यात घालून माणसं उचलली."

काही दिवसांनी ते सोलापुरी चादरी विकत घेऊन त्या वस्तीत गेले. तर कोणाची चादर गेली ते कुणी सांगेचना! "हमारी नहीं, उनकी होगी" करत दारोदार फिरवलं. शेवटी एका आजींनी "पहले चाय पिओ" म्हणून बसवून घेतलं. वस्ती बरीचशी मुसलमानांची. इकडे आमच्या सोसायटीत त्याच सुमारास 'त्यांना' जागा भाड्याने द्यायची नाही असा ठराव आला होता. बाबा उभे राहिले, माझा विरोध लिहून घ्या म्हणाले. राग त्यांनाही होताच, बॉम्ब ठेवणाऱ्यांवर.

तुमच्याकडे काय झालं होतं? लिहा.

अमृता_ठाणे
बाबांना नमस्कार सांगा ग. चादरींचं वाचून रडू आलं.

भाईंदर लोकल
आमचा भजनाचा ग्रुप होता सकाळच्या गाडीला. त्यात मीरा रोडचा एक जण, टाळ छान वाजवायचा, नमाजी माणूस. स्फोटांनंतर येईना. फोन केला तर म्हणे दाढी बघून लोक बॅग उघडायला लावतात, बायको सोडत नाही. मग आमच्यातले दोघं मीरा रोडला उतरून थेट त्याच्या घरी. वहिनींना सांगितलं, रोज प्लॅटफॉर्मवरून आम्ही घेऊन जाऊ. आणि नेलं. डब्यात कुणी कुरकुरलं तर मोठ्याने अभंग सुरू 😄

विरारकर
मीरा रोडवाल्याला चढू दिलं?? मानलं तुम्हाला!

भाईंदर लोकल
अहो भाईंदरहून सुटणारी गाडी. तुमच्या विरार फास्टमध्ये देवालाही जागा नाही.

वरळीचे काका
१९९३चं कुणी लिहिलं नाही. १२ मार्च, शुक्रवार, बारा स्फोट, २५७ माणसं गेली. सेंच्युरी बाजारचा स्फोट आमच्या चाळीपर्यंत ऐकू आला. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली होऊन गेलेल्या, सगळ्यांना वाटलं आता पुन्हा कापाकापी. नाही झाली. पुढे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, म्हणजे वस्तीतली दोन्हीकडची माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. माजी पोलीस आयुक्त रिबेरोसाहेब, समाजसेविका सुशोभा बर्वे वगैरे मंडळी. पोलीस आणि पोरं क्रिकेट खेळायची. पोराला क्रिकेट खेळताना पाहिलेला हवालदार त्याला उगाच उचलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कमिट्यांच्या मीटिंगा कंटाळवाण्या असायच्या, गटाराच्या तक्रारी जास्त. पण ओळखी होत्या म्हणून अफवा आली की आधी फोन जायचा.

सई
२००८च्या २६/११च्या हल्ल्यात मावशी सीएसटीवर होती. विष्णू झेंडे अनाउन्समेंट करत होते म्हणून ती वाचली, आजही नाव काढते. अजून एक लिहायचंय, दूध उतू जातंय, थांबा

नाव नको
खरं सांगू का, असे धागे वाचवत नाहीत. माझा मामा गेला ११ जुलैला, स्फोट झालेल्या गाडीत. मामीला कुणी 'माफ करून टाक' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. माफ तिने अजूनही केलेलं नाही, करावं असं मलाही वाटत नाही. पण शेजारच्या शेखकाकूंनी महिनाभर डबा पाठवला, तो तिने एकदाही परत केला नाही.

११ जुलैच्या खटल्यात २०१५ला बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ला हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. त्या दिवशी मामी म्हणाली, "कोणीतरी आत असून मला काय करायचंय? ज्याने केलं तोच हवा." आम्ही गप्प बसलो. इतकी वर्षं आम्ही ती बारा तोंडं पाठ केली होती.

बोरिवलीची लेक
बरं केलंस लिहिलंस. मामींना माफ कर सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

सई
आले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानवाल्यांनी २६/११ला मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफनाला जागा नाकारली होती. आणि कसाबला आपण वकील दिला, अपील, दयेचा अर्ज, सगळं होऊन २०१२ला फाशी. तेव्हा मला संताप यायचा या खर्चाचा. आता वरची मामी वाचून वाटतं, ते सगळं नीट झालं म्हणून तिथे मनात शंका उरली नाही.

विरारकर
@भाईंदर लोकल, ग्रुप अजून आहे का? माझे वडील रिटायर झालेत, पखवाज वाजवतात, घरी वैतागलेत.

भाईंदर लोकल
आहे की! टाळवाले आता चाचा झालेत, नातू घेऊन येतात. गुरुवारी पाठवा वडिलांना. पण भाईंदरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला सांगा, विरार फास्टमध्ये पखवाज घेऊन चढणार कसे?