अँटिबॉडी सापडली म्हणजे रक्तात विषाणू आहे असं नव्हे

अनेक रक्तदात्यांत हिपॅटायटिस ई या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या अँटिबॉडी सापडतात, हे वाचून काही जण विचारतात, "इतक्या रक्तदात्यांना हिपॅटायटिस ई, मग रक्त घ्यायचं की नाही?" डॉक्टर सांगतात तेव्हा घ्यायचंच. यात दोन वेगळे आकडे मिसळले जातात: अँटिबॉडी किती जणांत आहेत आणि प्रत्यक्ष विषाणू किती जणांत आहे. आयजीजी (संसर्गाशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडीचा एक प्रकार) सापडलं तर संसर्ग कधीतरी होऊन गेला. दूषित पाण्यातून हा आजार पसरतो, त्यामुळे आपल्याकडे ते अनेकांत असणारच. विषाणू आत्ता रक्तात फिरतोय का, हे मात्र आरएनए तपासणीतच (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) कळतं. आग्नेय इंग्लंडमध्ये २०१२-१३ साली सव्वादोन लाख रक्तदानं तपासली, तेव्हा फक्त ७९ मध्ये विषाणू मिळाला. तरीही २०१७ पासून तिथे सगळंच रक्त तपासतात.

आपल्याकडे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया एवढ्याच चाचण्या सक्तीच्या. ई त्यात नाही. आणि विषाणू असलेल्या दात्याला बहुधा काहीच त्रास नसतो, डोळेही पिवळे नसतात. आपल्या नागपुरात सिकलसेल, थॅलेसेमियाच्या लेकरांना वारंवार रक्त लागतं. गरोदर बायकांना तर हा आजार जिवावर बेततो. निदान यांच्यासाठी तरी तपासलेली पिशवी मिळायला हवी, असं मला फार वाटतं. तोवर शिबिरात फॉर्म भरताना अलीकडे झालेली कावीळ लपवू नका (घरात कोणाला झाली असेल, तर तेही सांगा).