शिक्षकांचं आरोग्य: शिबिरं पुरे, रजेच्या दिवशी वर्गावर माणूस द्या

खडूफळा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या तालुक्यात प्राथमिक शिक्षकांसाठी 'तणावमुक्ती' शिबिर झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला हजर राहायचं आणि ध्यानाला बसल्याचा जिओटॅग फोटो दुपारपर्यंत केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर टाकायचा. डोळे मिटलेल्या माणसाने स्वतःचा फोटो काढायचा कसा, म्हणून जोड्या लावून दिल्या होत्या. ज्यांचा फोटो आला नाही त्यांना सोमवारी खुलासा मागितला.

योगाला माझा विरोध नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस आजारी का पडतो यापेक्षा तो आजारपण अंगावर का काढतो, हे आधी विचारलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरची शाळा द्विशिक्षकीच. त्यातला एक तापाने पडला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि मध्येच आलेला पालक. त्याचे हाल डोळ्यांसमोर असतात म्हणून पहिला ताप असतानाच गोळी घेऊन शाळेत येतो. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. कित्येकांची ती निवृत्तीपर्यंत न वापरताच साठून राहते.

माझी मागणी एकच. प्रत्येक केंद्रात दोन रजा-राखीव शिक्षक द्या. त्यांची कायमची शाळा नको. ज्या शाळेत कुणी आजारी, त्या शाळेत त्यांनी त्या दिवशी जायचं. कॅशलेस विमा, तपासण्या, समुपदेशक हे सगळं त्याच्या पुढचं. आधी माणसाला आजारी पडता आलं पाहिजे.

करदाता

गुरुजी, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. १२ नैमित्तिक रजा, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, वर सातवा वेतन आयोग. आणि तरी आजारी पडायला सवड नाही?

आता शिक्षक ज्या कंबरदुखीची तक्रार करतात तिचं बोलू. आमच्या गावच्या शाळेतले दोन्ही सर रोज तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलने येतात. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता घेतात. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हेच विचारलं तेव्हा तुम्ही मोर्चे काढलेत. गावात राहा, रोजचे दोन तास वाचतील, मणकाही वाचेल. ज्या त्रासाचा भत्ता मिळतो त्याच त्रासावर सरकारी उपाय मागायचा, हे मला पटत नाही.

दुर्गम

करदाता भाऊ, मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते. भाड्याने मिळेल अशी एक खोली मला दाखवा, भत्ता मी उद्या परत करते.

पण खडूफळा सर, तुमचंही मला अर्धंच पटलं. तुम्ही ज्या परिशिष्टाचा दाखला दिलात त्यातच मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं लिहिली आहेत. शिक्षिकेसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे, कडी नाही. नळ आहे, पण पाणी हापशावरून बादलीने आणावं लागतं आणि उन्हाळ्यात हापसाही आटतो. मग मी सकाळी निघताना चहा घेत नाही आणि पाच वाजेपर्यंत घोटभरच पाणी पिते. लघवीच्या जागेचा संसर्ग वारंवार होतो. डॉक्टर म्हणतात, मॅडम, पाणी जास्त प्या. मी हो म्हणते. पाळीच्या दिवसांत तर मोठ्या मुलीला दाराबाहेर उभं करावं लागतं. त्या पोरीला काय सांगायचं आणि किती, हाही प्रश्नच.

यासाठी शिबिर नको, राखीव शिक्षकही नको. एक कडी, एक टाकी आणि शाळा दुरुस्तीच्या पैशांतून हे करायला मुख्याध्यापकाला मोकळीक, बस्स.

टेबल नं. ३

मी पंचायत समितीत वैद्यकीय बिलांच्या टेबलावर काम केलं आहे. 'क्लार्क पैसे खातो' या प्रतिक्रियेची वाट न पाहता आधीच लिहितो.

शिक्षक आधी दवाखान्यात स्वतःचे पैसे भरतो. खासगी दवाखाना असेल तर १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातले २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार बघायचे. आजार त्यात बसला तर पुढे. मग मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, प्रत्येक पावतीवर डॉक्टरची सही आणि शिक्का. औषधाच्या एका पावतीवर शिक्का नसला की सगळा प्रस्ताव त्रुटीत. त्रुटी भरून आला की गटशिक्षणाधिकारी, तिथून जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, तिथून तपासणीला जिल्हा शल्य चिकित्सक. तिथे रक्कम कापली जाते, मग उलट्या वाटेने मंजुरी. आणि मंजुरी आली तेव्हा त्या लेखाशीर्षाला, म्हणजे खर्चाच्या त्या खात्याला, पैशांची तरतूद नसते. मार्चमध्ये थोडी येते, तेव्हा ज्याचा प्रस्ताव आधी त्याला आधी.

एका गुरुजींच्या अँजिओप्लास्टीचं बिल मंजूर झालं तेव्हा ते निवृत्त झाले होते. सोसायटीचं कर्ज काढून भरलेले पैसे, त्यावरचं व्याज कुठल्याच बिलात बसत नाही. दवाखान्यात भरती न होता नुसत्या तपासणीवर आणलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्याही बसत नाहीत. म्हणजे भडका उडाला तर पैसे, उडू नये म्हणून केलेल्या खर्चाचे नाहीत.

म्हणून आधी कॅशलेस. राज्याच्या पोलिसांना कुटुंब आरोग्य योजना २००५ पासून आहे, मग शिक्षकाने काय घोडं मारलंय?

कोटावाला मराठी

कॅशलेस म्हटलं की सगळं सुटलं असं समजू नका. माझी बायको राजस्थानात सरकारी शाळेत आहे. इथे २०२१ पासून आरजीएचएस नावाची कॅशलेस योजना आहे, पगारातून दरमहा कपात होते. पहिल्यांदा खरंच छान चाललं. मग दवाखान्यांची आणि औषध दुकानांची देणी थकली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये खासगी दवाखान्यांनी या योजनेतले रुग्ण घेणं थांबवलं. कपात मात्र चालूच होती. तुमच्याकडे आज बिल अडकतं, उद्या कार्ड अडकेल. दवाखान्याला किती दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर व्याज कोण देणार, हे नियमातच लिहून घ्या.

करदाता

टेबल नं. ३ साहेब, तुमचं मान्य. आजारी माणसाला व्याजात ढकलणं हे पापच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही.

पण आजार कागदावर आणला की लोक काय करतात तेही सांगा ना. ऑनलाइन बदल्यांत गंभीर आजार, अपंगत्व, ५३ वर्षांवरचे यांना संवर्ग १ मध्ये प्राधान्य दिलं. त्यानंतर किती धडधाकट लोकांना एकाएकी कमी ऐकू यायला लागलं? प्रमाणपत्रांच्या फेरतपासण्या कशासाठी लावाव्या लागल्या? आणि तुमचे ते रजा-राखीव शिक्षक. माझा शब्द लिहून ठेवा, सहा महिन्यांत दोघंही गटशिक्षण कार्यालयात संगणकावर बसलेले दिसतील, 'तात्पुरती कामगिरी' या नावाखाली.

खडूफळा

कामगिरीचा मुद्दा खरा आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. आजही द्विशिक्षकी शाळेतला एक माणूस कार्यालयात बसवलेला मी पाहतो. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी देतात, कारण नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शाळा तपासणी लागते. म्हणून राखीव शिक्षकाची रोजची नेमणूक गावाला दिसली पाहिजे: आज कुठल्या शाळेत, कोणाच्या जागी. ते फळ्यावर लिहा आणि शाळा व्यवस्थापन समितीची सही घ्या. कार्यालयात बसला तर सही येणार नाही.

बोगस प्रमाणपत्रवाल्यांना बडतर्फ करा, माझा पाठिंबा आहे. त्यांच्यामुळेच खरा डायलिसिसवाला शिक्षक संशयित ठरतो.

खिचडीवाल्या बाईचा पोर

सगळे गुरुजींचंच बोलताय. शाळेत आणखी एक माणूस असतो. माझी आई पोषण आहार शिजवते. मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने, आणि आधी तर १,५०० च होतं. रजा हा शब्द तिच्या कामात नाही. गॅस संपला की सरपणावर स्वयंपाक, धुराने डोळे लाल, आणि खोकला आता उन्हाळ्यातही जात नाही. ती आजारी पडली की माझी बायको जाऊन भात टाकते. बायकोला जमलं नाही तर मी गेलोय. आमची रजा-राखीव माणसं घरातूनच जातात, फुकट.

गुरुजींना कॅशलेस मिळू दे, आनंदच आहे. पण 'शाळेतल्या कर्मचाऱ्यांचं आरोग्य' म्हणायचं असेल तर त्या यादीत आईचं नाव कुठल्या ओळीत आहे ते सांगा.

दुर्गम

पहिल्या ओळीत असायला हवं, दादा. आमच्या शाळेतल्या मावशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्याहून म्हाताऱ्या दिसतात.

एडिसनकर

मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये गणित शिकवते, माहेर सांगलीचं. इथे सगळं उत्तम आहे असं अजिबात नाही. २०११ च्या राज्य कायद्याने आरोग्य विम्याचा वाटा आमच्या पगारातून जास्त कापायला सुरुवात झाली आणि तो वाद नाव बदलून आजही चालूच आहे. समुपदेशकाचा फोन नंबर आहे, चालण्याच्या स्पर्धा आहेत, पाण्याच्या बाटल्या वाटतात. यातलं बरंचसं तुमच्या रविवारच्या शिबिराच्याच जातीचं.

पण धागाकर्त्याच्या मुद्द्यावर सांगते. कायद्याने वर्षाला दहा दिवस आजारपणाची पगारी रजा आहे, न वापरलेली पुढे साठते. सकाळी उठल्यावर बरं नसेल तर एका यंत्रणेत नोंद करायची, बदली शिक्षक शोधणं हे डिस्ट्रिक्टचं काम. मी फक्त त्या दिवसाचा पाठ लिहून ठेवते. करोनानंतर बदली शिक्षक मिळेनासे झाले. मग मोकळ्या तासाला आम्हालाच दुसऱ्याच्या वर्गावर पाठवायला लागले, आणि लोक रजा घ्यायला कचरू लागले. विमा तोच होता, समुपदेशकही तोच. बदली माणूस गेला आणि सगळ्या स्टाफची तब्येत खालावली. त्यामुळे मी खडूफळा सरांच्या बाजूने.

टेबल नं. ३

एडिसनकर ताई, तुमच्याकडे शिक्षक शोधणारं ऑफिस आहे. आमच्याकडे केंद्रप्रमुखांचीच पदं रिकामी असतात. तुलना जपून.

पन्नाशीचा परीक्षार्थी

ताणाबद्दल बोलताय आणि टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, कोणीच काढत नाही, कमाल आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त उरली आहेत त्यांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी. मी ५१ चा. माझी नेमणूक झाली तेव्हा ही परीक्षाच नव्हती. रात्री दहानंतर बालमानसशास्त्राच्या पुस्तकात डोकं घालतो. मुलगा बारावीला आहे, तोही शेजारीच अभ्यासाला बसतो आणि मध्येच माझी उत्तरं तपासतो. बीपीची गोळी अर्धी होती ती पूर्ण झाली.

करदाता

परीक्षा द्यायला लागणं हा आजार नाही, सर. आमच्या पोरांची तुम्ही दर महिन्याला चाचणी घेता.

पन्नाशीचा परीक्षार्थी

घेतो. पण नापास झालं म्हणून त्यांचं रेशनकार्ड काढून घेत नाही.

करदाता

हा टोला छान होता. आता पैशाचं बोला. प्रत्येक केंद्राला दोन जादा शिक्षक म्हणजे राज्यभरात किती हजार पदं झाली? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निर्णयाने आहेत तीच पदं कमी होत आहेत, आणि तुम्ही जादा मागताय.

खडूफळा

पूर्ण पगाराचीच पदं द्या असा हट्ट नाही. २०२३ मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय सरकारनेच काढला होता. तसंच राखीव कामासाठी करा. तालुक्यात राहणारे, तब्येतीने धड, गावाची माहिती असलेले निवृत्त गुरुजी भरपूर आहेत.

डीएड बेकार

पुन्हा निवृत्तच? पेन्शन घेणाऱ्याला २०,००० आणि परीक्षा पास होऊन बसलेल्या आम्हाला शून्य. नवा शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावर घेतलेला शिक्षक, तर १६,००० मध्ये राबतो. राखीव ठेवायचेच असतील तर आम्हाला ठेवा. दोन वर्षं वाडी-वस्ती फिरू, पुढच्या भरतीत त्याचे गुण द्या. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला आजारी शिक्षकाच्या जागी पाठवायचं, हे कसलं आरोग्य धोरण?

दुर्गम

हे मात्र बरोबर बोललात. आमच्या पाड्यावर यायला शेवटचे दोन-तीन किलोमीटर चढ आहे, पावसाळ्यात नाला आडवा येतो. तुमचा साठीचा राखीव गुरुजी तिथे पोचेपर्यंत शाळा सुटेल. डीएडवाले दादा, तुम्ही खरंच याल का? मला येत्या महिन्यात नंदुरबारला सोनोग्राफीला जायचं आहे, आणि शाळेतले दुसरे सर त्याच आठवड्यात निवडणुकीच्या प्रशिक्षणाला आहेत.