घरदुरुस्ती आणि बागकामाचा घरचा व्यवसाय : मोबदला कसा ठरवावा?

गोदाकाठ (नाशिक)
माझे सासरे सातपूरच्या एका कारखान्यातील देखभाल विभागातून गेल्या वर्षी निवृत्त झाले, पती आयटीआयमधून तारतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका ठेकेदाराकडे काम करतात आणि मी दोन वर्षांपासून चार बंगल्यांच्या बागा सांभाळते. तिघांचे काम एकत्र करून गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागात किरकोळ घरदुरुस्ती व अंगण-बागेची देखभाल अशी सेवा सुरू करण्याचा आमचा विचार आहे. खरी अडचण पैसे मागण्याची आहे. गळका नळ दुरुस्त झाला की घरमालक "किती द्यायचे?" असे विचारतात आणि बाबा वायसरचे तेवढे दहा रुपये घेऊन परततात. मोबदला कसा ठरवावा, आणि कोणत्या नोंदण्या आधी कराव्यात?

पाना-पक्कड (पुणे)
ताई, मी आणि माझा धाकटा भाऊ हेच काम अकरा वर्षे करत आहोत, म्हणून अनुभवावरून लिहितो. दहा मिनिटांचे काम प्रत्यक्षात दीड तास घेते, कारण जाणे-येणे असते, अँगल कॉक (भिंतीजवळची पाणी बंद करायची तोटी) गंजून बसलेला असतो आणि नेमका हवा तो स्पिंडल (नळातला फिरता भाग) हार्डवेअरच्या दुसऱ्या दुकानात मिळतो. त्यामुळे भेटीचे पैसे वेगळे, कामाची मजुरी वेगळी आणि सामान पावतीप्रमाणे, असे तीन भाग ठेवा आणि पहिल्या भागाचा आकडा फोनवरच सांगा. फोन तुम्ही घेतलात तर बाबांना दारात उभे राहून पैसे मागावेच लागणार नाहीत. आमच्याकडे वहिनींनी फोन घ्यायला सुरुवात केल्यापासून उधारी जवळजवळ थांबली. नाशिकमध्ये सुरुवातीला दोनच भाग निवडलेत, हे फार योग्य केलेत.

एक नुकसान मात्र सांगून ठेवतो. गवत कापण्याच्या यंत्राच्या (ब्रश कटरच्या) फिरत्या नायलॉन दोरीने उडालेला खडा थेट बैठकीच्या काचेवर गेला आणि महिन्याच्या कराराची रक्कम नव्या काचेत गेली. तेव्हापासून गवत कापण्याआधी आम्ही जमिनीवरचे खडे वेचतो, गाड्या हलवून घेतो आणि काचेच्या बाजूला ताडपत्री धरतो.

हिशेबनीस (ठाणे)
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणत्याही दलालाला पैसे देऊ नयेत. तुमच्यासारखी मोजकीच माणसे कामाला असल्यास दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली नोंदणी नव्हे, तर केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. केवळ राज्यातच सेवा देत असाल, तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या सोसायटीचे काम घेतलेत, तर एका बिलाची रक्कम 30,000 रुपयांहून किंवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखाहून अधिक झाल्यावर सोसायटी सहसा एक टक्का कर कापून उरलेले पैसे देते. ती कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते, म्हणून बिलावर पॅन न चुकता लिहा.

यासोबत पहिल्या महिन्यापासून तिघांचेही वेतन ठरवून ते वेगळ्या बँक खात्यातून द्या. घरच्या व्यवसायात सर्वांत आधी सुनेचे काम फुकटात धरले जाते, आणि व्यवसाय खरोखर परवडतो का हे त्यामुळेच कधी कळत नाही.

मोगरा (कोल्हापूर)
बागेसाठी महिन्याचा करार करा आणि त्यात कामे ऋतूप्रमाणे लिहा. मे अखेरीस पन्हळी व गच्चीचे निचरे साफ करणे, पावसाळ्यात तण काढणे आणि ऑक्टोबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी, असे लिहिले की ग्राहकाला दर महिन्याचे काम दिसते. झाडांबाबत मात्र काळजी घ्या. शहरी क्षेत्रातील वृक्षतोडीसंबंधीचा 1975 चा राज्य कायदा खासगी अंगणातील झाडालाही लागू आहे, त्यामुळे आंब्याची मोठी फांदी तोडायची असेल तर मालकाने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढल्याचा कागद हाती आल्याशिवाय करवत लावू नका.

गोदाकाठ (नाशिक)
आपणा सर्वांचे मनापासून आभार. भेटीचा दर आजच ठरवला आहे आणि उद्यापासून फोन मीच घेणार आहे. एकच शंका उरली : पती स्वतःच्या नावावर विजेची कोणती कामे घेऊ शकतील?

पाना-पक्कड (पुणे)
दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे, म्हणजे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी कामे ते घेऊ शकतील. नवी वायरिंग, जादा पॉइंट किंवा गीझरसाठी वेगळी लाइन ही कामे परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच करावी लागतात. ते आज ज्यांच्याकडे काम करतात त्यांच्याकडे तसा परवाना असल्यास, नोकरी सोडण्यापूर्वीच अशी कामे त्यांच्याकडे पाठवण्याचे बोलून घ्या. आम्ही हे उशिरा केले आणि पहिल्या वर्षी तीन चांगली घरे गमावली.