स्वतंत्र संगीतकाराने पहिला रुपया कोणाकडून घ्यावा? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

काळी चार (पुणे)

मी आणि माझी एक कवयित्री मैत्रीण, आम्ही दोघांनी गेल्या वर्षी पाच भावगीतांचा संच स्वतःच्या खर्चाने काढला. पाठीशी कोणतीही कंपनी नव्हती. हिशेब लपवण्यासारखा नाही, म्हणून तो मांडतो: स्टुडिओचे भाडे ४८,००० रुपये, साथीदारांचे मानधन ५२,०००, मिक्सिंग आणि मास्टरिंग ३५,००० आणि प्रसिद्धीसाठी ४५,०००, एकूण १,८०,०००. पहिल्या तीन रकमांबद्दल मला तिळमात्र पश्चात्ताप नाही. चौथी मात्र पाण्यात गेली.

प्रसिद्धीचे काम आम्ही एका संस्थेकडे सोपवले होते. तिने तीन आठवड्यांत ६१,००० स्ट्रीम (म्हणजे गाणे ऑनलाइन ऐकले गेल्याच्या नोंदी) मिळवून दिले आणि आकडा पाहून आम्ही हुरळून गेलो. मग एका रात्री तक्ता नीट उघडून पाहिला, तेव्हा बहुतेक सगळे श्रोते मराठीचा गंधही नसलेल्या एकाच परदेशी शहरातले निघाले आणि गाणे आपल्या संग्रहात जपून ठेवणारे होते अवघे ११. पुढच्याच महिन्यात, हे ऐकणे बनावट असल्याचे कारण देऊन, गाणी ऑनलाइन मंचांवर पोहोचवणाऱ्या वितरकाने आमची दोन गाणी सगळीकडून उतरवली.

त्याच सुमारास कोथरूडला एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात आमची गाण्याची बैठक झाली. सतरंजीवर ३८ माणसे बसली होती, प्रत्येकी ५०० रुपये प्रवेशमूल्य होते आणि १९,००० रुपये जमले. चहाच्या वेळी एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "पुढची गाणी कधी करणार? त्याचे पैसे आत्ताच देऊन ठेवले तर चालतील का?" असे कोणी विचारील हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, स्वतंत्र संगीतकाराने कर्ज काढून किंवा जाहिरातीवर पैसे ओतून सुरुवात करू नये. पहिला रुपया श्रोत्याकडून, आणि तोही आगाऊ, घ्यावा. प्रत्येकी ७५० रुपये देणारी २०० माणसे मिळाली तर १,५०,००० रुपये होतात आणि तेवढ्यात पुढचा संच चांगला होतो. २०० जण जमत नसतील तर ध्वनिमुद्रण लांबणीवर टाकावे आणि आणखी बैठका कराव्यात. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या ऑनलाइन मंचाने २०२४ पासून, आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मोबदला देणे थांबवले आहे. मराठी भावगीताला तिथून घरखर्च निघेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. शिवाय ही वाट आपल्याकडे नवी नाही. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले ते कोणा एका संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून नव्हे, तर तिकीट लावून केलेल्या जलशांच्या आणि लोकांच्या देणग्यांच्या बळावर.

मध्यलय (नाशिक)

तुमच्या बाबतीत जे घडले ते संतापजनक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फसवणूक झाली म्हणून प्रसिद्धीच व्यर्थ ठरत नाही.

पलुस्करांचे उदाहरण तुम्ही अर्धेच दिलेत. पुढे मुंबईत विद्यालयाची इमारत उभी राहिली, तिच्यापायी कर्ज झाले आणि अखेर ती वास्तू लिलावात गेली. एवढा मोठा लोकसंग्रह असलेल्या माणसालाही जनतेच्या देणग्या पुरल्या नाहीत. लोकवर्गणीचे सगळ्यांच्या तोंडी असलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील गायिका अमांडा पामर. तिने २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एक लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवले आणि जवळजवळ २५,००० लोकांनी मिळून सुमारे १२ लाख डॉलर दिले. पण त्याआधी ती कित्येक वर्षे दौरे करीत होती, एका मोठ्या कंपनीने तिची गाणी जगभर पोहोचवली होती. ज्याला कोणी ओळखतच नाही, त्याने ही २०० माणसे आणायची कुठून? तुमच्याकडे कोथरूडचा दिवाणखाना होता, तो सगळ्यांकडे नसतो.

माझा अनुभव सांगतो. गेल्या फेब्रुवारीत नाशिकला ३०० आसनांच्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. एका गाण्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा कापला आणि शहराच्या परिसरातील मराठी भाषकांपुरती, रोज ३०० रुपयांप्रमाणे पंधरा दिवस जाहिरात केली. एकूण खर्च ४,५०० रुपये झाला आणि २२० तिकिटे गेली. दाराशी विचारले तेव्हा निम्म्याहून अधिक लोक आम्हाला प्रथमच ऐकायला आले होते. गाणी फुकट देणे हासुद्धा प्रसिद्धीवरचा खर्चच असतो. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाने २०१० मध्ये आपल्या नव्या संचातील गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य दिली, कारण त्यांचे उत्पन्न रंगमंचावरून येत होते. आधी ओळख होते, मग माणूस पैसे देतो. तुम्ही हा क्रम उलटा करायला सांगत आहात.

ठेका (सांगली)

मी तबलजी आहे. या चर्चेत गायक, कवी, श्रोता आणि जाहिरात सगळे आले. साथीदार मात्र खर्चाच्या एका ओळीपुरता आला.

काळी चार यांनी ५२,००० रुपये साथीला दिले आणि त्याबद्दल पश्चात्ताप नाही असे लिहिले, हे वाचून फार बरे वाटले. सर्वत्र असे होत नाही. "आपण सगळे स्वतंत्र कलाकार आहोत, तेव्हा एकमेकांना सांभाळून घेऊ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते कानावर पडले की मी आधी मानधन विचारतो. गेल्या वर्षी एका संचासाठी मी चार दिवस सांगलीहून पुण्याला जाऊन-येऊन वाजवले. दुसऱ्या दिवशी तबला उतरला, शाई उडाली होती, पुडी (तबल्याचे चामडे) बदलण्याचा खर्च मी केला. प्रवासखर्च मिळाला, मानधन "गाणे चालले की" मिळणार होते. त्याच गाण्याच्या चित्रफितीसाठी मात्र ड्रोन भाड्याने आणला होता.

पामर यांचे नाव निघाले आहे म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. बारा लाख डॉलर जमल्यानंतरच्या दौऱ्यात, ठिकठिकाणच्या वादकांनी विनामोबदला साथीला यावे असे आवाहन त्यांनी केले होते. त्यावर वादकांनी मोठा आक्षेप घेतला, तेव्हा कुठे त्यांनी पैसे देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पैसा श्रोत्याकडून आला म्हणून तो आपोआप न्यायाने वाटला जातो, असे नाही. वर्गणीचे आवाहन करताना साथीदाराचे मानधन किती, हे आकड्यात लिहा. ज्यांना लिहायची लाज वाटते, ते देत नसावेत.

पारावरून (लातूर)

काळी चार यांच्या योजनेत ७५० रुपये देणारी माणसे गृहीत धरली आहेत. आमच्याकडे शाहिरी, भारुड, भजन करणारी विशी-पंचविशीतली मुले आहेत. काहींचा आवाज असा आहे की, ध्वनिक्षेपक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. त्यांना ऐकणारे शेतमजूर आहेत, ऊसतोडीला जाणारे आहेत. ते कलाकाराला जेवू घालतील, आहेर करतील, दहा-वीस रुपये बक्षीस देतील. सहा महिन्यांनी येणाऱ्या गाण्यासाठी आज ७५० रुपये देणार नाहीत. ज्याचे श्रोते गरीब, त्याने ध्वनिमुद्रण लांबणीवरच टाकत राहायचे काय?

वर्गणी आमच्याकडेही भरपूर जमते, पण ती उत्सवाची असते, आणि तिचा मोठा वाटा मंडप आणि आवाजाच्या भिंतींवर जातो. त्यातला काही भाग गावच्या गाणाऱ्याच्या ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवावा, असे दोन मंडळांना मी स्वतः सुचवले. एकाने मान्य केले, ५,००० रुपये दिले, आणि त्या पैशांत एका मुलीची दोन गाणी जिल्ह्याच्या ठिकाणी नीट मुद्रित झाली.

माझा मुख्य आग्रह मात्र सार्वजनिक निधीचा आहे. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मासिक मानधन देते, आणि ते दिलेच पाहिजे. पण ज्या वयात घसा तयार आहे आणि हातात दमडी नाही, त्या वयातल्या कलाकाराला पहिल्या मुद्रणासाठी छोटे अनुदान का मिळू नये? म्हातारपणी सांभाळण्याइतकेच तरुणपणी उभे करणेही समाजाचे काम आहे, असे मी मानतो.

पांढरी पाच (न्यू जर्सी)

येथील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीवर मी तीन वर्षे काम केले. तिकिटाचे पैसे द्यायला आमचे सभासद कुरकुर करीत नाहीत, पण कार्यकारिणीच्या सभेत पहिला प्रश्न असतो, "यांना कोणी ऐकले आहे का?" तिथे मध्यलय यांचेच म्हणणे खरे ठरते, एक स्वच्छ आवाजातली, सलग दहा मिनिटांची चित्रफीत आम्हाला पन्नास हजार 'व्ह्यूज'पेक्षा अधिक उपयोगी पडते.

आगाऊ रकमेबाबत एक सावधगिरीही सुचवते. प्लेजम्युझिक नावाची ब्रिटिश कंपनी नेमके हेच काम करीत होती. चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेऊन ते कलाकारांना द्यायचे, हा तिचा व्यवसाय २०१९ मध्ये कोलमडला आणि अनेक कलाकारांच्या हाती त्यांच्याच चाहत्यांनी दिलेले पैसे पडले नाहीत. मधला माणूस जितका कमी, तितके चांगले.

काळी चार (पुणे)

मध्यलय, तुमचे ४,५०० रुपये आणि माझे ४५,००० यांत मला दिसणारा फरक असा: तुम्ही ठरलेल्या तारखेच्या, ठरलेल्या गावातल्या कार्यक्रमाची जाहिरात केलीत. ती पाहणाऱ्याला तिकीट काढता येत होते आणि कार्यक्रमानंतर तुमच्याशी बोलता येत होते. मी नुसत्या आकड्यासाठी पैसे मोजले, त्या आकड्यातला एकही माणूस मला पुन्हा गाठता येणार नव्हता. त्यामुळे माझे विधान सुधारतो: कार्यक्रमाची जाहिरात करावी, आकडा विकत घेऊ नये. आगाऊ वर्गणीचा आग्रह मात्र सोडत नाही. तुमच्या त्या २२० जणांपैकी किती जणांचे फोन क्रमांक तुमच्याकडे आहेत?

पारावरून यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. माझी योजना मध्यमवर्गीय श्रोत्यावर उभी आहे, हे मी मान्य करतो. अनुदानाला माझा पाठिंबा आहे. फक्त ते मंजूर होईपर्यंत त्या मुलांनी थांबू नये, म्हणून तुम्ही मंडळाकडून मिळवलेल्या ५,००० रुपयांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ती दोन गाणी मला ऐकायची आहेत.

मध्यलय (नाशिक)

क्रमांक घेतले नाहीत, ही चूक झाली. पुढच्या कार्यक्रमात दाराशी वही ठेवीन.

एक गोष्ट राहून गेली. गेल्या महिन्यात एका कंपनीने आमच्या चार गाण्यांचे सर्व हक्क ३०,००० रुपयांना मागितले. हातात पैसा नसताना अशी रक्कम मोठी वाटते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा कायद्याने राखलेला आहे, तरीही करारात काय लिहिले आहे हे न वाचता सही करणारे मी पाहिले आहेत. गीतकार-संगीतकारांसाठी स्वामित्वधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घेऊन आपल्या रचनांची नोंद करावी, मग कोणाशीही बोलणी करावीत.

ठेका (सांगली)

काळी चार, पुढच्या संचासाठी आवाहन काढाल तेव्हा त्यात साथीच्या मानधनाचा आकडा छापा. छापलात तर त्या २०० जणांत पहिले ७५० रुपये माझे धरा, मग तबल्याला तुम्ही कोणालाही बोलवा.