मदत हवी आहे: पोस्टग्रेसच्या २२००१ एररमध्ये कॉलमचं नाव कसं मिळवावं?

नमस्कार मंडळी,

पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघतो. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १५. सभासद नोंदणी सेव्ह होत नाही म्हणून शाखेतून फोन येतो, आणि स्क्रीनवर एवढंच असतं:

व्हॅल्यू टू लाँग फॉर टाइप कॅरॅक्टर व्हेरिंग(५०)

म्हणजे मजकूर मर्यादेपेक्षा लांब आहे; हाच तो २२००१ एरर. त्या टेबलात व्हारकॅर(५०) चे, म्हणजे जास्तीत जास्त ५० अक्षरं घेणारे, सात कॉलम आहेत. नाव लांबलं, पत्ता, की वारसाचं नाव? कळायला मार्ग नाही. काउंटरवर सभासद ताटकळतो आणि क्लार्क एकेक रकाना छोटा करून बघत बसते. हे मला अजिबात पटत नाही.

तोच डेटा कॉपी कमांडने (फाइलमधून एकदम) भरला तर एररच्या कॉन्टेक्स्ट या भागात ओळ क्रमांक आणि कॉलम दोन्ही येतात. इन्सर्टला, म्हणजे नोंद भरायच्या नेहमीच्या कमांडला, येत नाहीत. गेट स्टॅक्ड डायग्नॉस्टिक्समध्ये (एररचा तपशील काढायची कमांड) कॉलम_नेम मागितलं तर नॉट नलच्या, म्हणजे रकाना रिकामा राहिल्याच्या, एररला (२३५०२) नाव मिळतं, २२००१ ला रिकामं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरही हीच बोंब होती, पण २०१९ च्या आवृत्तीपासून त्यांचा एरर २६२८ टेबल, कॉलम आणि कापलेली व्हॅल्यूसुद्धा सांगतो.

मग विचार केला, कॉलम टेक्स्ट (लांबीची मर्यादा नसलेला टाइप) करून प्रत्येकाला नीट नाव दिलेला चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे लांबी तपासणारा नियम, लावावा. एररमध्ये (२३५१४) कन्स्ट्रेंटचं नाव येतं, त्यावरून ॲपमध्ये "वारसाचं नाव ५० अक्षरांपेक्षा मोठं आहे" असं स्वच्छ मराठीत दाखवता येईल.

घोडं अडलंय ते इथे: चेक मोडला की एररच्या डिटेल या भागात "फेलिंग रो कंटेन्स" (नाकारलेल्या ओळीत हे आहे) म्हणून आधार, मोबाइल सगळं सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतं. हे लॉग आमच्या अनेकांच्या हातून जातात, त्यामुळे ते चालणार नाही. लॉग_एरर_व्हर्बॉसिटी ही सेटिंग टर्स (त्रोटक) केली तर डिटेल जातो, पण डेडलॉकमध्ये (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडून बसतात तेव्हा) कोण कुणासाठी अडलंय हेही डिटेलमध्येच असतं, तेही गेलं.

डोमेन टाइपवर (नियमासकट आपण बनवलेला डेटा टाइप) चेक लावला तर कन्स्ट्रेंटचं नाव मिळतं आणि बाकीची ओळ बाहेर येत नाही, हे टेस्ट डेटाबेसवर दिसलं. मात्र चालू कॉलम अशा डोमेनवर नेताना अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं, तेवढा वेळ ते लॉक. शिवाय सात डोमेन सांभाळायची.

प्रॉडक्शनवर कोणी डोमेन वापरतंय का? मायग्रेशनला त्रास झाला का? की लांबीची तपासणी ॲपमध्येच करून डेटाबेसचा एरर फक्त शेवटचा अडसर म्हणून ठेवावा? तसं असेल तर ॲपमधली मर्यादा आणि टेबलातली मर्यादा जुळती कशी ठेवता, तेही सांगा.