लिटल बिगहॉर्न: कार्बाइन अडकल्या म्हणून सातवं घोडदळ हरलं का?

तोडेदार
अमेरिकेच्या सातव्या घोडदळाबद्दल वाचताना एक कारण सारखं पुढे येतं: २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींशी लढताना, घोडदळाचा म्होरक्या कस्टर याच्या शिपायांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन (घोडेस्वारांच्या आखूड बंदुका) ऐनवेळी अडकल्या. नेमकं काय अडकायचं? आणि लढाई हरावी एवढं ते मोठं होतं का?

जुनी पागा
अडकायची ती काडतुसाची रिकामी पुंगळी. १८७३ ची ही कार्बाइन एकबारी. खटका दाबून मागचं झाकण वर उचलायचं, काडतूस आत ढकलायचं, झाकण बंद करून बार काढायचा. झाकण पुन्हा उघडलं की छोटा आकडा पुंगळीची कड धरून तिला मागे फेकतो. पण पुंगळी तांब्याची. तांबं मऊ, बार झाला की फुगून चिकटतं. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात राहिली की हिरवा कळंक चढतो (पितळेत ताक कळकतं, तोच प्रकार), वर काळ्या दारूची काजळी. मग आकडा नुसती कड कापून येतो, पुंगळी आतच. पायदळाच्या रायफलीला गज (लांब सळई) असायचा, तोंडाकडून ठोकून ती काढता येई. कार्बाइनला गजच नव्हता. उरला चाकू. पुढे कुंद्यात (बंदुकीच्या लाकडी दस्त्यात) जोडगज ठेवायची सोय केली ती यामुळेच.

खरारा
यंत्र बरोबर सांगितलंत, पण त्याला जास्त वजन देऊ नका. लढाईनंतर याच रेजिमेंटच्या मेजर रेनोने कळवलं की त्याच्या हाताखालच्या ३८० पैकी ६ कार्बाइन निकामी झाल्या. १९८४-८५ च्या उत्खननात सापडलेल्या पुंगळ्यांपैकीही खरवडून काढल्याच्या खुणा शेकड्यात तीनेकांवरच होत्या.

खरा घोळ घोड्यांचा. पायउतार होऊन लढताना चौघांतला चौथा घोडे धरून मागे थांबतो, म्हणजे बंदुका आधीच पाऊण. माणशी कार्बाइनच्या १०० गोळ्या, त्यातल्या बऱ्याच खोगिराच्या पिशवीत. घोडे उधळले की गोळ्याही गेल्या. राखीव साठा खेचरांवर, मैलोन् मैल मागे. रेजिमेंटच्या बारा कंपन्यांपैकी (तुकड्यांपैकी) कस्टरपाशी पाचच होत्या, समोर लकोटा आणि शायेन दीड-दोन हजार, त्यांतल्या काहींकडे हेन्रीसारख्या सोळा बारांच्या रायफली.

जुनी पागा
मान्य. त्यात दाण्याचं गणित घाला. छावणीत घोड्याला रोज १४ पौंड गवत, १२ पौंड दाणा. २२ जूनला निघताना प्रत्येक शिपायाने १२ पौंड ओट बांधून घेतले, म्हणजे एका दिवसाचा दाणा अख्ख्या मोहिमेला. बाकी वाटेतलं गवत, तेही लकोटा-शायेनांच्या गावाच्या हजारो घोड्यांनी आधीच चरलेलं. शिवाय १८६६ ला फोर्ट रायलीत उभी राहिलेली ही रेजिमेंट शांततेत कधी एकत्र नसायची. १८७१ ते ७३ दक्षिणेत कंपन्या विखुरलेल्या, काम कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेवर आणि चोरट्या दारूभट्ट्यांवर नजर ठेवायचं. एकत्र कवायत होणार कशी?

तोडेदार
म्हणजे पुंगळी हे सोयीचं कारण.

खरारा
हो, दोष कारखान्यावर ढकलता येतो. आणि याच रेजिमेंटने २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नीला चार हॉचकिस तोफा लावून लकोटांच्या बायकापोरांसकट तळ उडवला. त्यावर शौर्यपदकं वाटली. त्या दिवसाच्या हत्यारांची चर्चा कुणी इतक्या हौसेने करत नाही.