मदत हवी आहे : नव्या डेंटल लेक्चररना शिकवायला कसं शिकवायचं?

दंतकथा (सोलापूर)
सोमवारपासून सुरू करायचंय, म्हणून घाईत लिहितेय. नव्या लेक्चररचं ट्रेनिंग एचओडींनी माझ्या गळ्यात मारलंय. वर फर्मान, 'सगळ्यांना एकच डोस नको, ज्याला जे जमत नाही तेवढंच शिकवा.' कसं? पीपीटी नकोत, ढिगानं पडल्यात.

खडूफळा
किती जण? विभाग कुठला? दिवस किती? एवढं तरी सांगा ओ.

मोकळावेळ
मायक्रोटीचिंग, डोळे झाकून. पाच-सात मिनिटं शिकवायचं, मोबाइलवर शूटिंग, मग ज्याचं त्यानंच बघायचं. १९६३ला स्टॅनफर्डात निघालेली पद्धत. आम्हाला बीएडला हेच होतं.

खडूफळा
बीएडचा फळा आणि फँटम हेड (सरावाचं नकली डोकं) एकच का?

हितचिंतक६५
पोरांना बीडीएसला घालूच नका. चार वर्षं, वर एक इंटर्नशिप, मग पगार बघा.

दंतकथा
काका, ॲडमिशनचा धागा नाही हा.
पाच जण आहेत, कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरण्याचा विभाग), दुसऱ्या वर्षाची प्रीक्लिनिकल लॅब, म्हणजे पेशंटआधी नकली दातांवर सराव. एकांचा हात सोन्यासारखा. पण पोरगं क्लास टू कॅव्हिटी (दाढेच्या बाजूचा खड्डा) कापताना अडलं की त्याच्या हातातला एअरोटर (दात कोरायचं मशीन) घेतात आणि स्वतःच कापून देतात. पोरगं खूश, शिकलं शून्य. दुसरी बोलते छान, पण बर (मशीनचं कापायचं टोक) शेजारच्या दाताला लागलाय हे तिला दिसतच नाही.

अक्कलदाढ
पहिल्याला पेटनच्या चार पायऱ्या. न बोलता करून दाखव. सांगत सांगत दाखव. मग पोरगं सांगेल तसं तू कर. शेवटी पोरगं करेल. खरी मेख तिसरीत. चौथीला मी एकाला हात ॲप्रनच्या खिशात घालायला लावले होते. त्या दुसऱ्या लेक्चररबाईंना पायऱ्या नकोत. पोरांनी बिघडवलेले दहा टायपोडोंट (सरावाचे नकली) दात द्या, चुका शोधू दे.

खडूफळा
केलर प्लॅन बघा, १९६८चा. घटक पाडा, जो तो आपल्या वेगानं, एक पक्का झाला की पुढचा.

अक्कलदाढ
आपल्या वेगानं म्हटलं की आमचे दोघं मार्च उजाडला तरी पहिल्या घटकावरच होते.

मोकळावेळ
आणि कोण पोराच्या कामात हात घालतं ते शूटिंगमध्येच दिसेल ना!

कडकभाकरी
अवांतर : सात रस्त्याजवळ रूट कॅनॉल कितीला? भाकरी खाताना दाढेचा तुकडा उडाला.

मोकळावेळ
कडक भाकरी आमटीत कुस्करायची असते ओ.

दंतकथा
खिशात हात, हे आवडलं. पण ते एअरोटर काढून घेणारे दहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवून आलेत. मी त्यांना सर म्हणते. सांगू कसं?

खडूफळा
हे आधी सांगायचं ना!